वाकायला शिकले तो आषाढ

आषाढ अर्धा सरला की आमच्या घराच्या मागच्या अंगाला सतत पाण्याचा हलका आवाज चालू असतो. वरच्या कुणग्यातलं पाणी बांधाच्या खाचेतून खालच्या कुणग्यात उतरत असतं. उतारावर पायऱ्यांसारखे बांधून काढलेले भाताचे हे लहान तुकडे, आमचे तीनच आहेत. परवा सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी होते. रोपं उपटणाऱ्या बायकांचं बोलणं कानावर येत होतं, मुळांना लागलेल्या चिखलाचा वास वर येत होता, आणि माझा डावा हात आपसूक कमरेवर गेला. कंबर दुखत नव्हती. कडी लावली आहे हे ठाऊक असूनही माणूस एकदा दाराला हात लावून बघतं, तसा तो गेला होता. सगळं जागच्या जागी होतं. मी कप ठेवला, साडी वर खोचली आणि चिखलात उतरले.

हे लिहिताना वाटणारा अभिमान मी लपवणार नाही. चिखलात उतरणं ही आमच्याकडच्या बाईनं सांगावी अशी गोष्ट नव्हे. पण मधे काही महिने असे गेले की चपलेचा पट्टा लावायलाही मला दुसरं माणूस लागायचं.

आमचं गाव रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावरून थोडं आत. मी शहरातल्या एका शाळेत ग्रंथपाल होते. सगळी नोकरी कपाटांच्या खालच्या फळ्यांशी वाकण्यात गेली आणि उरलेला वेळ घरच्या परसात. पाठ नावाची काही वस्तू आपल्याला आहे, याची मला कधी आठवणही झाली नव्हती. निवृत्त झाल्यावर त्याच वर्षी, शिमगा होऊन गेल्यावर, अंगणात नारळाची झावळ पडली होती. ती ओढून बाजूला करायला वाकले आणि कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज उतरावी तसं झालं. मी वाकलेली तशीच राहिले. आमचे हे पडवीत पेपर वाचत होते. मला फक्त "अहो" म्हणता आलं.

शहरात नेलं, तपासण्या झाल्या. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. डॉक्टर समजूतदार होते. ते म्हणाले, "ऑपरेशनची घाई नको. काही दिवस औषधं आणि विश्रांती, मग व्यायाम. तोवर जपा." यातलं बाकी सगळं घरचे विसरले आणि "जपा" तेवढं लक्षात ठेवलं. झाडू माझ्या हातातून काढून घेतला गेला. जमिनीवरची विळी ओट्यावर गेली आणि तिच्या जागी सुरी आली. देवघरात स्टूल आलं. जो तो येता जाता म्हणायचा, वाकू नको. शेजारीपाजारी म्हणायचे, मुलगा कामावरून फोन करून म्हणायचा, आणि हे तर माझ्याकडे नुसतं बघायचे तरी मला तेच ऐकू यायचं. आमच्याकडचं बाईचं जगणं सगळं जमिनीलगतचं. खोबरं खवणायचं ते बसून, भांडी घासायची ती उकिडवं बसून, मोगऱ्याच्या कळ्या वेचायच्या त्या वाकून. त्या जमिनीपासून मला हातभर वर उचलून ठेवल्यासारखं झालं. मी घरात होते, पण माझं घर माझ्या हाताला लागत नव्हतं.

दुखणं काही आठवड्यांनी बरंच ओसरलं. भीती मात्र ओसरेना. खुर्चीवरून उठायचं झालं की आधी मनात तयारी, मग दात घट्ट, मग उठणं. कमरेला पट्टा सकाळी बांधला की संध्याकाळी सुटायचा.

ऋतुजा, माझी सून, तेव्हा आमच्या घरात नवीनच होती. माहेर कोल्हापूरचं. फिजिओथेरपी शिकलेली, पुढे पुण्यात पिलाटीस हा व्यायामप्रकार शिकली, आणि त्याला जोडून माणसाच्या रोजच्या हालचालींतून उपचार करायचंही शिकली. लग्नानंतर तिनं रत्नागिरीत एका औषधाच्या दुकानावरचा हॉल भाड्यानं घेऊन तिथं काम सुरू केलं होतं. तिच्याकडे कोण येतं आणि ती काय करते, हे मी कधी नीट विचारलं नव्हतं. पिलाटीस म्हणजे शहरातल्या बारीक बायकांनी आणखी बारीक व्हायला करायचा प्रकार, अशी माझी समजूत होती. आणि सून सासूच्या दुखण्यात पडते तेव्हा दोघींनाही अवघडायला होतं, म्हणून तीही बरेच दिवस गप्प होती.

एका रविवारी ती दिवसभर माझ्या आगेमागे होती. मी कंटाळून म्हटलं, "काय गो, काय बघतेस?"

"तुम्ही कशा उठताय ते बघतीय, आई."

"मग? कशी उठते?"

"श्वास धरून. खुर्चीतनं उठताना धरता, कपबशी उचलताना धरता. आत्ता मोरीचं दार ढकललंत, तेव्हा पण धरलात की."

मी म्हटलं, असं काही नाही. आणि पुढच्या वेळी उठताना पाहिलं, तर खरंच श्वास छातीत अडकवून ठेवला होता. किती दिवस धरून ठेवला होता कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं माजघरात चटई घातली. साडीत जमणार नाही म्हणाली, म्हणून मी सलवार घालून, दार लावून, जमिनीवर आडवी झाले. त्या क्षणाची लाज अजून आठवते. सुनेसमोर सासू उताणी, गुडघे वर, हात बरगड्यांवर. मी छताकडे न बघता डोळे मिटून घेतले. ती म्हणाली, "काही करायचं नाही. श्वास घेताना बरगड्या दोन्ही बाजूला जाऊ द्या, सोडताना आत येऊ द्या." मग कंबर अगदी किंचित जमिनीकडे टेकवायची आणि सोडायची. इतकी किंचित की कमरेखालून मुंगी जात असेल तर तिला समजावं, आणखी कुणाला समजू नये. मी म्हटलं, "ह्याला व्यायाम म्हणायचं?" ती हसली. "मोठं काहीतरी करून दाखवायला सगळ्यांनाच येतं, आई. हे बारीक करून बघा."

करून बघितलं, आणि कळलं की माझ्या कमरेला ते येत नव्हतं. ती एका ठोकळ्यासारखी हलत होती. भीतीनं तिनं स्वतःला आवळून घेतलं होतं, आणि त्या आवळण्याचंच निम्मं दुखणं होतं. काही दिवसांनी एका दुपारी तो ठोकळा सुटला. कंबर मागे गेली, पुढे आली, पाण्यावरची होडी हलते तशी. माझ्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. ऋतुजानं ते पाहिलं असणार, पण ती चटईचा कोपरा सारखा करत बसली.

पुढे मला तिच्या कामाची रीत कळत गेली. पिलाटीस तिला पोटाच्या आतल्या, पाठीला धरून ठेवणाऱ्या स्नायूंसाठी हवं होतं. सावकाश, श्वासाबरोबर, मोजकं. पण चटईवर जमलेलं चटईवर सोडून ती कधी उठली नाही. लगेच म्हणायची, "आता हेच घेऊन स्वयंपाकघरात जाऊ." माझ्या पाठीवर कपडे वाळत घालायची काठी उभी धरायची. डोकं, पाठ आणि बैठक तिन्ही काठीला टेकलेली ठेवून वाकायचं. कंबर मोडायची नाही, खुब्यातून वाकायचं. मला ते समजेना, तेव्हा म्हणाली, "दोन्ही हातांत सामान आहे आणि मागचं दार लोटायचंय, असं समजा. कशानं लोटाल?"

"ढुंगणानं," मी म्हटलं.

ती लाल झाली. "हां, तेच. मी बैठक म्हणणार होते."

त्या दिवसापासून आमच्यातलं अवघडलेपण गेलं. सासू-सुनेच्या नात्याला इतका साधा शब्द पुरतो, हे मला ठाऊक नव्हतं. वैशाखात तिनं ओट्यावरची विळी उचलून पुन्हा खाली ठेवली आणि मला तिच्यावर बसायला शिकवलं, उठायलाही शिकवलं. त्या दुपारी मी एकटीनं फणसाची भाजी चिरली. आमचे हे दारात उभे होते. जेवताना त्यांनी भाजी दोनदा वाढून घेतली.

सगळं सरळ झालं नाही. ज्येष्ठाच्या सुरुवातीला पाय पुन्हा ठणकायला लागला आणि मी एक दिवस अंथरुणातून उठले नाही. रागानं म्हटलं, "मी बरी होते गो. तुझ्या ह्या नादाला लागले आणि परत पडले." ऋतुजा कामावर निघाली होती, ती खांद्यावरची पिशवी काढून माझ्याजवळ बसली. म्हणाली, "मी घाई केली, आई. चूक माझी. पण दुखलं म्हणजे आपण परत पहिल्या जागी गेलो असं नाही. आज फक्त श्वास करू." तिनं तिच्याकडे उपचाराला येणाऱ्या माणसांना फोन करून उशिरा यायला सांगितलं आणि ती अर्धा तास माझ्या बरगड्यांवर हात ठेवून बसली. चूक आपली म्हणून इतक्या सरळ सांगणारी माणसं मी आयुष्यात फार पाहिलेली नाहीत. ठणका चार दिवसांत उतरला. माझ्या मनात तिच्याविषयी जे बसलं ते तेव्हापासून.

मग तो आषाढ. लावणीला माणसं मिळेनात. वाडीतली तरुण मंडळी मुंबईला, उरलेल्या बायका दुसऱ्यांच्या शेतात आधीच बांधलेल्या. मुलगा म्हणाला, "आई, एक वर्ष पडीक राहू दे. काय बिघडतं?" बिघडत काही नव्हतंच. विकत तांदूळ आणता आला असता. पण माझ्या सासूबाईंच्या हातचे ते कुणगे, मी नोकरीवरून रजा काढून ज्यांत लावणी केली ते, गवतानं भरलेले बघायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "सर्वांत लहान, खालचा कुणगा मी लावीन. बाकीच्या दोनांना उशिरा का होईना माणसं बघा."

सगळे ऋतुजाकडे बघायला लागले. ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारू. ते हो म्हणाले तर माझी हरकत नाही." डॉक्टरांनी पायाची ताकद पाहिली, मला वाकून दाखवायला सांगितलं. मी काठी पाठीला असल्यासारखी वाकले. ते म्हणाले, "असं वाकणार असाल तर लावा. थोडं थोडं, आणि सुनेच्या नजरेखाली."

ऋतुजानं त्याआधी लावणी फक्त गाडीच्या खिडकीतून बघितली होती. ती प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेऊन बांधावर उभी राहिली. मी पाय फाकवून चिखलात रोवले, गुडघे सैल सोडले, मागचं दार लोटलं, डावं कोपर मांडीवर टेकवलं आणि तीन-चार रोपांची पहिली चूड टोचली. चिखल कोमट होता. ओळ संपली की उभं राहायचं, श्वास सोडत, कणा एकेक मणका उलगडत. मग हात डोक्यावर नेऊन दोन्ही कुशींना झुलायचं, आणि पुन्हा खाली. पलीकडे दुसऱ्यांच्या कुणग्यात लावणी करणाऱ्या बायका हसायला लागल्या. एकीनं हाक मारली, "वहिनी, लावणी करताव की नाचताव?"

"दोन्ही गो," मी म्हटलं.

तो टीचभर कुणगा, एरवी एका सकाळचं काम. मला बरेच दिवस लागले. रोज थोडं लावायचं, मग घरी येऊन चटईवर आडवं व्हायचं. ओळी वाकड्यातिकड्या आल्या. लावलेली रोपं पहिले काही दिवस पिवळी पडून पाण्यावर आडवी होती. मग एका सकाळी मागचं दार उघडलं तर सगळी उभी. मुळं धरली होती. मी तिथंच उभी राहिले. निवृत्तीच्या दिवशी शाळेत माझं कौतुक झालं होतं, शाल मिळाली होती. तेव्हा जो अभिमान वाटायला हवा होता, तो मला त्या सकाळी वाटला.

तेव्हापासून वाकणं या शब्दाकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. कुणापुढे वाकू नये म्हणतात, ते खरंच. पण जमिनीकडे वाकता येणं ही केवढी मोठी ताकद आहे. मला ती हरवल्यावर कळली, आणि परत मिळाली तेव्हा ती माझ्या स्वतःच्या मालकीची झाली. आधीचं वाकणं नुसतं अंगवळणी पडलेलं होतं. आताचं मला येतं.

ज्या बायका हसल्या होत्या त्यांतल्याच श्रावणात आमच्या पडवीत आल्या. कुणाची मान, कुणाचे गुडघे. ऋतुजानं बुधवारची दुपार त्यांच्यासाठी ठेवली. तिचे इंग्रजी शब्द कुणाच्या तोंडी बसेनात, म्हणून मी नावं सांगत गेले. कंबर हलवायची ती होडी, पाठीची कमान करायची ते मांजर, बरगड्यांचा श्वास ती भरती-ओहोटी. ऋतुजा म्हणाली, "आई, आता तुम्हीच सांगा, मी हात लावून बघते." अशी मी त्या पडवीत मास्तरीण झाले. पण ग्रंथालयात मी मुलांना आवाज करू नका सांगायची, इथं बायकांना सांगायची, श्वास सोडताना आवाज आला तर येऊ द्या.

त्या बायकांच्या मागून एक दिवस गंगाआते आली. आमच्या खालच्या घरची, एरवीही पडवीत येऊन बसणारी. सत्तरी ओलांडलेली, पाठीला इतका बाक आलेला की चालताना तिची नजर स्वतःच्या पावलांपलीकडे फारशी जायची नाही. वाडीतल्या माणसांना ती चपलांवरून ओळखायची. झोपायची कायम कुशीवर. ती पडवीच्या पायरीवर बसली आणि ऋतुजाच्या पावलांकडे बघत म्हणाली, "बाय गो, मला सरळ करू नको हां. ह्या वयात सरळ झाले तर मला कोण ओळखणार? नुसता ठणका कमी कर."

ऋतुजा तिच्यासमोर जमिनीवर बसली, म्हणजे दोघींचे डोळे समोरासमोर आले. "सरळ नाही करत, आते. ठणक्याचं बघू."

आधी तिनं गंगाआतेची तपासणी करवून घेतली. हाडं ठिसूळ झालेली होती. त्यामुळे बाकीच्यांना जे सांगायची त्यातलं पुष्कळ तिला वर्ज्य. पुढे वाकणं नको, पीळ देणं नको. आतेचं सगळं खुर्चीत सुरू झालं. पावलं जमिनीत रोवायची, तळवे भिंतीला लावून हलकेच रेटायचे, आणि भरती-ओहोटी. आते पहिल्या दिवशी म्हणाली, "एवढ्यासाठी मी चढ चढून आले?" पण दर बुधवारी येत राहिली. एकदा आल्या आल्या सांगितलं, काल रात्री ठणक्यानं जाग आली नाही.

मग ऋतुजानं तिला पाठीवर निजवायचं ठरवलं. डोक्याखाली आणि खांद्यांखाली गोधड्यांच्या घड्या रचून केवढा ढीग झाला. आते निजली म्हणण्यापेक्षा टेकून बसली म्हणायला हवं. एक-दोन आठवड्यांनी एक गोधडी कमी केली, तिला चाललं. मग आणखी एक. जिथं दुखेल तिथं थांबायचं, एवढाच नियम. बाक काही जाणार नव्हता, ते ऋतुजानं सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण बाकाभोवतीचं सगळं अंग जे ताठलं होतं, ते सैल होत होतं.

भाद्रपद सरत आला होता. पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि खालच्या कुणग्यात भाताला लोंब्या धरल्या होत्या. त्या बुधवारी ऋतुजानं मला खुणेनं बोलावलं आणि आतेच्या डोक्याशी बसायला सांगितलं. मी दोन्ही हातांत तिचं डोकं घेतलं. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. ऋतुजानं एक घडी हळूच ओढून घेतली, आणि मी ते डोकं श्वासागणिक खाली येऊ दिलं. मागे गोधडीची एकच घडी उरली होती. आतेचे खांदे चटईला टेकले.

आतेनं डोळे मिटलेले होते. तिनं ते उघडले आणि बराच वेळ वर छपराकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "सुनंदा, लाकडाचे वासे काढून हे लोखंडी पाइप कधी घातलेत गो?"

"झाली की आते, दहाएक वर्षं."

दहा वर्षं ती जवळजवळ रोज या पडवीत बसायला येत होती.

"मला कोण बोललं नाय," आते म्हणाली. मी हात काढायला लागले, तर तिनं चाचपडत माझं मनगट धरलं.

"धरून ऱ्हा जरा. बघत बघत अजून पंख्यापाशीच आल्येय. पलीकडचं बघायचं हाय."